एका पानावर तेरा

जतन केलं. हिरवी पट्टी आली, गेली.
यादी मात्र जिथल्या तिथे :
पान पहिलं, तीच दहा नावं.

"मी कुठाय?" भास्करराव शितोळे विचारतात
कपाळावरचा चष्मा नाकावर आणत.
दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसचे दोन जिने चढून
देहदानाचा फॉर्म भरलेला माणूस
लगेच निघत नाही.
त्याला स्वतःला यादीत बघायचं असतं.

मी हार्दिकला फोन लावला, ही यादी त्यानंच बनवलेली.
"बेन, डेटा तो छे, देखातो नथी."
स्पीकर चालूच राहिला होता.
शितोळे हसले. म्हणाले,
मेल्यावरचं वर्णन बरं केलं पोरानं.

मग रिफ्रेश. मग पुढे, पुढे, तेरा वेळा पुढे.
पान चौदा. १३१, शितोळे भास्कर यशवंत.
खाली नुसतं पांढरं.

"एकटाच?"
नोंदीच्या क्रमानं लागतात, म्हटलं, पानावर दहा.
"रेल्वेत बत्तीस वर्षं काढली, बाई.
रिकामा डबा मला बघवत नाही."

पुढच्या महिन्यांत
कमाटीबागेत सकाळी फिरणारे एकेक येऊ लागले.
चिटणीस. कोरडे मास्तर. पटणी नवराबायको.
अलेंबिकमधून निवृत्त झालेले पारेख,
पायात रॉड आहे, चालेल का, असं तीनदा विचारणारे.
शितोळे प्रत्येकाबरोबर, पाठीमागे उभे,
जागा धरून ठेवल्यासारखे.

तोवर हार्दिकनं सुधारलं होतं :
नोंद झाली की यादी आपण होऊन
त्या नोंदीच्या पानावर जाते
आणि नवी ओळ दोन क्षण पिवळी होते.
कोरडे मास्तरांनी त्या पिवळ्या ओळीला
हात जोडले. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

नवरात्रात पान चौदा भरलं.

आणि नंतर एका मंगळवारी, कुणाला न सांगता,
कुमुदताई आल्या.
वर्षभर ज्या म्हणत होत्या,
डॉक्टरकीच्या पोरांपुढे मी नाही उघडी पडायची,
त्यांनी सही केली,
'तेरावं घालू नये' इथेही बरोबरची खूण केली,
पेनाचं टोपण लावून ठेवलं.
१४१. पान पंधरा.
पिवळी झाली ओळ, पांढरी झाली.
एकटी.

दुसऱ्या दिवशी शितोळे.
"मला तिकडे सरकवता येईल?"
क्रमांक बदलत नाही, म्हटलं.
"मग तिला इकडे."

मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं.
अकरा करू? हे बाराव्या पानावर, त्या तेराव्या.
बारा? पुन्हा फाटाफूट.
वीस? हे सातव्या, त्या आठव्या.
तेरा.
तेरा दाहे एकशेतीस.
अकरावं पान बरोबर त्यांच्यापासून सुरू होतं.

"तेर? एवो आंकडो कोण राखे?" हार्दिक म्हणाला,
पण त्यानं ठेवला. एका मिनिटाचं काम होतं.

शनिवारी दोघं आली. मी अकरावं पान उघडलं.
वरून पहिले ते, अकराव्या ओळीत त्या,
मध्ये सगळी कमाटीबाग,
खाली दोन जागा शिल्लक.
आधीच्या पानांतलं कुणी गेलं, नाव काढलं,
की सगळे एकेक घर वर सरकतात
आणि सर्वांत आधी हेच मागच्या पानावर जातात,
हे मला कळत होतं.
बोलले नाही.

कुमुदताई बराच वेळ बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "यातला मु ऱ्हस्व असतो."

खरंच, मी कुमूद टाकलं होतं.
बदललं. जतन केलं.
नव्या नोंदीचं सुधारलं होतं हार्दिकनं,
दुरुस्तीचं राहून गेलं होतं :
यादी पुन्हा पहिल्या पानावर.

"असू दे," शितोळे म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून
स्वतःच माउस हातात घेतला.
पुढे. पुढे. पुढे.
कुमुदताई स्टेशनं मोजावीत तशा
पानं मोजत होत्या.